कुरणातल्या उघड्या वाळूला पांघरूण हवे आहे

सर्व पशुपालकांना, शेतकऱ्यांना आणि कामधंद्यासाठी लांब राहूनही या कुरणाची आठवण ठेवणाऱ्या सगळ्यांना कुरण समितीचा नमस्कार.

आपल्या सामाईक कुरणात तीन ठिकाणी गवत समूळ गेले आहे आणि खालची वाळू उघडी पडली आहे. कोरडे वारे सुटायच्या आत हे तिन्ही पट्टे झाकायचे आहेत. त्यानंतर सलग दोन पावसाळे तिथे एकही खूर पडू द्यायचा नाही. यासाठी आम्हाला पेंढा, काटेरी फांद्या, गवताचे बी, कुंपणाची तार हवी आहे. त्याहून जास्त निकड चाऱ्याची आणि काम करणाऱ्या हातांची आहे.

सर्वांत मोठा पट्टा पाण्याच्या हौदाभोवती, उंचवट्यावर आहे. हौद तिथे बांधायचा निर्णय समितीचाच होता आणि तो चुकला. उंचावरून पाणी आपोआप खाली उतरेल एवढाच विचार आम्ही केला. जनावर पाण्यावर रोज येते, येता-जाता चरते आणि पाणी पिऊन तिथेच बसते, हे आम्ही ध्यानात घेतले नाही. पहिल्यांदा हौदाजवळचे गवताचे ठोंब गेले, मग त्यांच्यामागचे. आज तिथे उभे राहिले तर पायाखाली नुसती सैल वाळू आहे. हौद खालच्या मुरमाड जागेवर हलवायचे काम सुरू झाले आहे. तो खर्च समिती तिच्या शिलकीतून करते आहे, त्यासाठी कुणाकडे हात पसरणार नाही.

‘वाळूच तर आहे, त्यात जपण्यासारखे काय?’ असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. याचे उत्तर जरा सविस्तर द्यायला हवे, कारण रेताड जमीन म्हणजे निकामी जमीन हा समज या कुरणाला वाऱ्याइतकाच घातक आहे.

वाळूचा कण 0.05 ते 2 मिलिमीटर जाडीचा असतो, चिकणमातीचा 0.002 मिलिमीटरहूनही बारीक. जाड कणांमधल्या पोकळ्याही मोठ्या, त्यामुळे पाणी वर न थांबता थेट आत जाते. वाळू तासाला 30 मिलिमीटरहून जास्त पाऊस पिऊन टाकते, चिकणमाती जेमतेम 1 ते 5 मिलिमीटर. पण जे पटकन शिरते ते धरून ठेवायला वाळूकडे फारसे काही नसते. मीटरभर खोलीच्या चिकणमातीत झाडाला मिळू शकेल असे 175 ते 250 मिलिमीटर पाणी साठते, तेवढ्याच वाळूत 25 ते 100. अन्नद्रव्यांचेही तेच. वाळूला ती घट्ट धरता येत नाहीत, म्हणून टाकलेले खत पावसाबरोबर मुळांच्या खाली निघून जाते. एवढेच आकडे पाहणारा माणूस या जमिनीला नावे ठेवणार, आणि ओलिताच्या शेतापुरते त्याचे बरोबरही आहे.

मात्र जिथे पाऊसच तुटपुंजा आहे तिथे हा हिशेब उलटतो. चिकणमातीवर पडलेल्या थोड्या पावसाचा काही भाग वाहून जातो आणि जो मुरतो तो वरच्या थरातच राहतो. चार दिवसांच्या उन्हात त्याची वाफ होते. वाळूत तेच पाणी खोल उतरते. वरचा थर सुकला की खालचे पाणी त्यातून वर चढू शकत नाही, म्हणजे सुकलेली वाळूच खालच्या ओलीचे झाकण बनते. इमॅन्युएल नॉय-मेअर या इस्रायली अभ्यासकाने 1973 साली हा मुद्दा मांडला. पुढे 1988 साली अमेरिकेच्या मध्य भागातल्या गवताळ मैदानांचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की वर्षाला सुमारे 370 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो तिथे रेताड जमिनीवर पोयट्याच्या जमिनीपेक्षा गवत जास्त येते. थोड्या पावसाच्या प्रदेशात आपली वाळू चिकणमातीपेक्षा सरस ठरते ती अशी.

विश्वास बसत नसेल तर पाऊस होऊन दहा-बारा दिवस झाले की कुरणाच्या चांगल्या, गवत असलेल्या भागात या आणि हातानेच उकरून पाहा. वरची चार बोटे वाळू कोरडी असते, ती बोटांतून निसटते. वीतभर खाली गेलात की रंग गडद होतो आणि हाताला गारवा लागतो. ती वाळू मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळ्यावर बोटांचे ठसे तसेच राहिलेले दिसतील. मग हौदाजवळच्या उघड्या पट्ट्यावर हेच करून पाहा. तिथे वर आलेल्या सैल वाळूच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला तरी कधी कधी ओल लागत नाही.

आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. वाऱ्याने अर्धवट उघडा पडलेला गवताचा एखादा ठोंब हातात घ्या. प्रत्येक मुळावर वाळूची बाही चढवल्यासारखी दिसेल, झटकली तरी ती पडत नाही. मुळातून पाझरणारा चिकट रस आणि मुळावरचे बारीक केस मिळून वाळूचे कण असे गुंफून घेतात. भोवतालची वाळू पार कोरडी पडली तरी या बाहीच्या आत मूळ तग धरते. ठोंबांच्या मधल्या जागेत पावसानंतर जी पातळ, काळपट खपली धरते तीही सजीव असते. सूक्ष्म जीवांचे धागे तिथे कणाला कण बांधतात. कोरड्या दिवसांत तिच्यावरून कळप गेला की ती चुरगळते आणि पुन्हा धरायला वर्षे लागतात.

गवत आणि ही खपली गेली की पुढचे काम वारा करतो. वाऱ्यात धूळ दिसते म्हणून आपल्याला वाटते धूळच उडते आहे. पण जास्त नुकसान त्याखाली, गुडघ्याच्याही खालीच होते. साधारण 0.1 ते 0.5 मिलिमीटरचे कण वाऱ्याबरोबर टुणटुण उड्या मारत पुढे जातात. निम्म्याहून जास्त वाळू याच रीतीने सरकते आणि हे कण बहुतेक वेळा हातभरही वर जात नाहीत. प्रत्येक कण जिथे आपटतो तिथले आणखी कण सुटे करतो आणि वाटेतल्या कोवळ्या कोंबांना खरवडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की वाळू वाहून नेण्याची त्याची ताकद जवळजवळ आठपट होते. शेणखताचा, कुजलेल्या पाल्याचा बारीक अंश हलका, म्हणून तो आधी जातो. मागे उरते ती धुतल्यासारखी भरड रेती. खड्डा वाऱ्याच्या दिशेने वाढत जातो आणि त्यातून निघालेली वाळू पलीकडच्या चांगल्या गवतावर पसरून त्यालाही गाडते. आपला पट्टा याच कारणाने दर वर्षी लांबतो आहे. म्हणून पुढच्या वर्षी बघू, असे म्हणून चालणार नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कृपा करून झाडांची रोपे देऊ नका. दर वेळी मदतीची गोष्ट निघाली की कुणीतरी प्रेमाने हजार रोपे देऊ करतो, आणि आम्हाला नाही म्हणताना जड जाते. पण या उघड्या वाळूत रोप उभे राहत नाही. एक तर त्याचे मूळ उघडे पडते, नाही तर शेंड्यापर्यंत गाडले जाते. शिवाय जिथे पाणी थोडे आहे तिथे दाटीने लावलेली झाडे खोलवरची तीच ओल ओढतात, ज्यावर गवत जगते. हे मैदान गवताचे आहे. त्याला गवतच परत द्यायचे आहे.

तसेच हा भाग नांगरून एखादे पीक घेऊ, असेही सुचवले जाते. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात सँडहिल्स नावाचा प्रदेश आहे, सुमारे 50,000 चौरस किलोमीटर वाळूच्या टेकड्या, आणि त्या सगळ्या गवताने बांधून ठेवलेल्या. 1904 च्या कायद्याने तिथे कुटुंबागणिक 640 एकरांपर्यंत जमीन देऊ केली गेली. पुष्कळांनी नांगर घातला. वाळू उडाली, पीक हाती लागले नाही आणि बरेच जण जमीन विकून निघून गेले. आजही तो मुलूख चराईचा आहे. तिथले पशुपालक टेकडीवर असा उघडा खड्डा पडला की लगेच त्याला वेढा घालतात. आपल्याला नांगराचा धडा स्वतः गिरवायची गरज नाही.

मग करायचे काय? चीनमध्ये टेंगर वाळवंटातून 1958 साली रेल्वेमार्ग सुरू झाला. रुळांवर वाळू येऊ नये म्हणून शापोटू येथे गव्हाच्या काडाचे चौकोन केले गेले, मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद. काड वाळूत अर्धे रोवायचे आणि अर्धे, म्हणजे वीतभर, वर ठेवायचे. एवढ्याशा उंचीनेही जमिनीलगतचा वारा मंदावतो आणि उडी मारणारा कण चौकोनातच पडतो. काही वर्षांत काड कुजते, पण तोवर झुडपे धरतात आणि वर खपली जमते. जोधपूरच्या काझरी या संशोधन संस्थेनेही, जिची स्थापना 1959 ची, थर वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्यांवर झुडपांच्या फांद्या रांगांनी किंवा चौकटीत रोवून वाळू थोपवली आणि त्यांच्या आडोशाला सेवण, धामण अशी गवते पेरली. आम्ही हेच करणार आहोत. उंचवट्यावर, जिथे वारा थेट लागतो, तिथे काटेरी फांद्या. त्यामागे काडाचे चौकोन. पहिल्या पावसाबरोबर चौकोनांत बी. बी याच कुरणातल्या ठोंबांचे हवे, बाहेरून आणलेले नको. ज्यांच्या बांधावर जुने गवत राखलेले आहे त्यांनी लोंब्या पिकल्या की मूठ-मूठ काढून सुकवून ठेवावी. कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

खरी अडचण चराईबंदीची आहे. दोन पावसाळे एवढा भाग बंद ठेवणे ज्यांच्याकडे स्वतःची जमीन आणि कडबा आहे त्यांना जमेल. ज्या घरांची सगळी मदार चार-पाच शेळ्यांवर आणि या कुरणावर आहे त्यांनी काय करायचे? त्यांच्यावर बंदी लादून वाळू वाचवणे आम्हाला मान्य नाही, आणि ते टिकणारही नाही. उपाशी जनावर कुठलेही कुंपण ओलांडते, आणि ओलांडू देणाऱ्याला दोष देता येत नाही. म्हणून जमणाऱ्या निधीतला पहिला वाटा या घरांच्या चाऱ्याला जाईल, तार त्यानंतर. ज्यांच्याकडे जादा कडबा, भुसा किंवा कापून ठेवलेले गवत आहे त्यांनी ते पैशांऐवजी दिले तर अधिक बरे. राखणीचे कामही याच घरांतल्या माणसांना मोबदला देऊन सोपवायचे ठरले आहे.

बंदी उठल्यावरचा नियमही आताच सांगून ठेवतो: उभ्या गवतातले निम्मे जनावरांना, निम्मे जमिनीला. जी काडी उभी राहते तीच पुढच्या वाऱ्याला अडवते, आणि जितके पान वर राहते तितके मूळ खाली जगते.

प्रत्येक देणगीची पावती मिळेल, वस्तूंची नोंद वेगळ्या वहीत होईल. दर महिन्याचा हिशेब समितीच्या फलकावर लागेल, तो कुणीही वाचावा आणि विचारावा. ज्यांना पैसे किंवा चारा देणे शक्य नाही त्यांचा एक दिवस आम्हाला पुरे. काड रोवायला ताकदीपेक्षा माणसे जास्त लागतात. एकाने चर ओढायचा, दुसऱ्याने काड आडवे पसरायचे, तिसऱ्याने फावड्याच्या बोथट कडेने मधोमध दाबायचे म्हणजे दोन्ही टोके वर उभी राहतात. शाळकरी मुलांनाही हे जमते.

वारे सुटण्याआधीचे सलग तीन रविवार, सकाळी उजाडताच, हौदापाशी जमायचे आहे. ऊन चढले की वाळू तापते आणि काम थांबवावे लागते, तेव्हा लवकर या. शक्यतो खालच्या पायवाटेने या, उंचवट्यावरचे उरलेले ठोंब तुडवू नका. फावडे आणि जाड हातमोजे घरी असतील तर सोबत आणा, फांद्यांचे काटे लांब आहेत.