वाऱ्यातला अर्धा ‘र’ आणि पुरातून वाचलेली प्रश्नपेढी : एका ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला खासगीतही पाठवता आले असते. परंतु गेल्या काही वर्षांत कोकणातील इतर महाविद्यालयांतील शिक्षक आमच्याकडे येतात आणि आमचे मूडल, म्हणजे ऑनलाइन अभ्यासक्रम व चाचण्या चालवण्याची आमची संगणक प्रणाली, कोणी उभारून दिले, महिन्याला किती पैसे लागतात, असे विचारतात. त्या प्रत्येक वेळी तुमचा उल्लेख झाल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. तुमचे नाव जाहीर करू नये ही तुमची अट मी पाळतो आहे. तुम्ही केलेले काम मात्र तपशिलाने लिहून ठेवणे मला माझे कर्तव्य वाटते.

जुलै 2020 मध्ये मी आणि आमचे प्रयोगशाळा साहाय्यक अशा दोघांनी चिपळूणच्या आमच्या महाविद्यालयात मूडलची 3.9 ही आवृत्ती बसवली. दोघांपैकी कोणीही संगणकशास्त्र शिकलेले नव्हते. मी भूगोल शिकवतो. कार्यालयातील एक जुना संगणक, 8 जीबी मेमरी आणि महाविद्यालयाच्या जोडणीबरोबर मिळालेला स्थिर आयपी पत्ता एवढ्या भांडवलावर आम्ही सुरुवात केली. मुखपृष्ठ दिसू लागले तेव्हा काम संपले असेच आम्हाला वाटले होते. एका परिचितांनी तुमचा क्रमांक दिला आणि मी तुम्हाला फोन केला, तो केवळ ई-मेल जात नाहीत एवढी तक्रार सांगण्यासाठी.

ई-मेलचे कारण तुम्ही दोन मिनिटांत सांगितले. मूडलची बरीचशी कामे विद्यार्थी पान उघडतो तेव्हा होत नाहीत. पत्रे पाठवणे, मुदत संपलेल्या चाचण्या जमा करून घेणे, अभ्यासक्रम पूर्ण झाल्याची नोंद करणे ही कामे क्रॉनवर, म्हणजे सर्व्हरवर ठरावीक वेळाने आपोआप चालणाऱ्या आज्ञेवर, सोपवलेली असतात आणि आम्ही तो क्रॉन लावलाच नव्हता. दर मिनिटाला चालणारी ती एक ओळ तुम्ही मला फोनवर अक्षर अक्षर सांगून लिहायला लावली. त्यानंतर तुम्ही, मी न विचारताच, मूडलडेटा हे फोल्डर कुठे ठेवले आहे असे विचारले. ते आम्ही संकेतस्थळाच्याच फोल्डरमध्ये ठेवले होते. म्हणजे विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या फायली, योग्य पत्ता हाती लागल्यास, कोणालाही लॉगिन न करता उघडता आल्या असत्या. ते फोल्डर त्याच संध्याकाळी बाहेर हलवल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याचे खाते उघडायचे नाही, असे तुम्ही निक्षून सांगितलेत. त्या वेळी तो आग्रह मला जरा कठोर वाटला होता, हे आज कबूल करतो. विद्यार्थ्यांची माहिती आपल्याकडे ठेव म्हणून आलेली असते ही जाणीव मला त्या संध्याकाळी प्रथम झाली.

मी सर्व्हरचा पासवर्ड तुम्हाला देऊ केला होता, तो तुम्ही घेतला नाही. प्रत्येक आज्ञा मी टंकायची, पडद्यावर आलेले मी वाचून दाखवायचे आणि त्याचा अर्थ आधी मी सांगायचा, मग तुम्ही बोलायचे, अशी आपली पद्धत पडली. मूडल सुरू करणारे मार्टिन डूगियामस यांचे बालपण पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम वस्तीत गेले आणि त्यांची शाळा रेडिओवर भरत असे, ही गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. पर्थमध्ये राहून त्यांनी 20 ऑगस्ट 2002 रोजी मूडलची 1.0 ही आवृत्ती जीपीएल या मुक्त आज्ञावलीच्या परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली. ती आज्ञावली वाचण्याचा आणि बदलण्याचा अधिकार त्या परवान्याने आम्हालाही दिला आहे. तो अधिकार आम्ही खरोखर वापरावा, अशी तुमची धडपड होती.

पहिल्या चाचणीच्या दिवशी सकाळी 11 वाजता प्रथम वर्षाचे 180 विद्यार्थी एकदम आत आले आणि सर्व्हर बसला. अधिक विद्यार्थ्यांना एकाच वेळी सामावून घेता यावे म्हणून मी पीएचपीच्या (मूडल ज्या संगणकभाषेत लिहिले आहे तिच्या) एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांची मर्यादा वाढवून ठेवली होती. तुम्ही ती कमी करायला लावली. इतक्या प्रक्रियांना मेमरी पुरत नाही, संगणक डिस्कवर जा-ये करू लागतो आणि सगळेच खोळंबतात. त्यापेक्षा थोड्यांना आत घेऊन बाकीच्यांना काही सेकंद रांगेत थांबवले तर सर्वांची पाने उघडतात, हे तुम्ही आकडेमोड करून पटवून दिले. शिवाय चाचणीची वेळ दोन गटांना 20 मिनिटांच्या अंतराने लावून दिली. पुढच्या चाचणीत एकाचाही प्रयत्न अर्धवट राहिला नाही.

परंतु ज्या मदतीसाठी हे पत्र मुख्यतः लिहावेसे वाटले, ती वेगळीच आहे. त्या सत्रात मी लघुउत्तरी प्रश्नांची चाचणी ठेवली होती. कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये पाऊस कशामुळे पडतो, असा एक साधा प्रश्न होता आणि ‘मोसमी वाऱ्यांमुळे’ हे त्याचे अपेक्षित उत्तर होते. निकालात जवळजवळ निम्म्या विद्यार्थ्यांना त्या प्रश्नाला शून्य गुण मिळाले. मी एकेक उत्तर उघडून पाहिले. अक्षर ना अक्षर बरोबर होते, तरीही मूडल ते चूक ठरवत होते. एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘सर, माझे काय चुकले?’ त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मूडलला मराठी नीट येत नाही, तेव्हा यापुढे बहुपर्यायी प्रश्नच द्यावेत, असे मी जवळपास ठरवले होते.

तुम्ही माझे उत्तर आणि एका विद्यार्थ्याचे उत्तर अशा दोन्ही ओळी मागवून घेतल्या आणि रात्री उशिरा त्यांचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक प्रत्येक अक्षर ज्या क्रमांकाने ओळखतो ते, शेजारी शेजारी मांडून मला पाठवले. ‘वाऱ्यांमुळे’ या शब्दातला तो अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहिला जातो, हे मला आयुष्यात प्रथम कळले. काही कळफलक त्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त वापरतात. काही कळफलक नेहमीचा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, माणसाच्या दृष्टीने ते एकच अक्षर असते, पण अक्षरांच्या क्रमांकांची तुलना करणाऱ्या यंत्राला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात. मी संगणकावर एका प्रकारे उत्तर लिहून ठेवले होते आणि निम्मी मुले मोबाइलवर दुसऱ्या प्रकारे लिहीत होती. चूक मुलांची नव्हती, माझीही नव्हती आणि मूडलला मराठी येत नाही हा माझा निष्कर्षही खरा नव्हता.

त्यावरचा उपाय साधा निघाला. प्रत्येक प्रश्नाला दोन्ही प्रकारची उत्तरे पूर्ण गुणांची म्हणून नोंदवायची आणि मग निकालाच्या पानावरून सर्व प्रयत्नांचे पुन्हा मूल्यांकन करायचे. तेवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत. भूगोलात हे अक्षर पावलोपावली येते: दऱ्या, किनाऱ्यालगत, खोऱ्यात, वाऱ्याची दिशा. म्हणून आमची सर्व प्रश्नपेढी ‘गिफ्ट’ या साध्या मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढायला लावून, ज्या ज्या उत्तरात हा ‘र’ आहे तिथे दुसरे रूप आपोआप जोडणारी छोटी आज्ञावली तुम्ही लिहून दिली आणि तिची प्रत्येक ओळ मराठीत समजावणारी टीपही सोबत जोडली. ती आज्ञावली आज आमच्या इतिहास आणि अर्थशास्त्र विभागांतही वापरली जाते. ज्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता तिला मी ते दोन क्रमांक दाखवले आणि तिचे गुण तिला परत मिळाले. मराठीत नेमके लिहिणाऱ्या मुलांवर होणारा अन्याय तुम्हाला, त्यांतील एकालाही न ओळखता, एक रात्र जागण्याइतका महत्त्वाचा वाटला, याबद्दल मी तुमचा कायमचा ऋणी आहे.

प्रमाणपत्रांची अडचणही याच जातीची होती. मूडलमधून थेट निघणाऱ्या पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांटी जागेवर बसत नसे आणि ‘किरण’चे ‘करिण’ होत असे. तुमच्या सल्ल्याने आम्ही नावांची यादी बाहेर काढून लिबरऑफिसमध्ये प्रमाणपत्रे तयार करू लागलो, आणि तेव्हापासून कोणाचे नाव बिघडलेले नाही.

आता 2021 विषयी. बॅकअपची शिस्त तुम्ही आम्हाला पहिल्या महिन्यापासून लावली होती. रोज रात्री प्रत निघायची, कुलूपबंद व्हायची आणि भाड्याने घेतलेल्या दूरच्या जागेत जायची. परंतु प्रत निघाली एवढ्यावर तुमचे कधीच समाधान झाले नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उभी करायची आणि त्यातील एका विद्यार्थ्याची एक फाइल उघडून दाखवायची, असा तुमचा नियम होता. पहिल्याच सरावात आम्ही नापास झालो. अभ्यासक्रम दिसत होते, गुण दिसत होते, फाइल मात्र एकही उघडेना. मूडल प्रत्येक फाइलला तिच्या मजकुरावरून काढलेले लांबलचक सांकेतिक नाव देऊन ठेवते. मूडलडेटामधील त्या दोन दोन अक्षरांच्या शेकडो फोल्डरांकडे पाहून आमच्या साहाय्यकांना तो तात्पुरता कचरा वाटला आणि त्यांनी तेवढाच भाग प्रतीतून वगळला होता. तो सराव झाला नसता तर आमच्याकडे महिनोन्‌महिने अर्धीच प्रत जमत राहिली असती आणि आम्ही निर्धास्त राहिलो असतो.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. आमचे कार्यालय तळमजल्यावर होते. चिखल उपसून आत गेलो तेव्हा संगणक ओळखू येत नव्हता. घरोघरी त्याहून मोठे नुकसान झाले होते, त्यामुळे मूडलचा विचार कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते, आणि तुम्हीही पहिले कित्येक दिवस त्याविषयी अवाक्षर काढले नाही. फोन लागत असे तेव्हा तुम्ही फक्त कोणाला काय हवे आहे एवढेच विचारलेत. ऑगस्टमध्ये मी रत्नागिरीला बहिणीकडे गेलो असताना आपण काम सुरू केले. भाड्याचा नवा सर्व्हर घेतला, पूर्वीच्याच आवृत्तीची पीएचपी बसवली, डेटाबेस भरला, फायली जागेवर ठेवल्या आणि डोमेनचा पत्ता नव्या यंत्राकडे वळवला. या सगळ्याला एक दुपार पुरली, कारण तोच क्रम मी त्याआधी अनेक शनिवारी केलेला होता. शेवटी सवयीप्रमाणे एक फाइल उघडली. ती खेर्डीच्या एका विद्यार्थ्याचा क्षेत्रभेटीचा अहवाल होता. त्याच्या घरातली वह्या-पुस्तके पुरात गेली होती. तो अहवाल छापून मी त्याच्या हाती दिला, तेव्हा त्याने तो बराच वेळ नुसता चाळला.

त्या दुपारी मी तुमचे आभार मानले होते, पण गडबडीत ते नीट मानले गेले नाहीत. ती उणीव भरून काढण्यासाठीही हे पत्र आहे. तुम्ही एकदाही मानधन घेतले नाही. संस्थेने पाठवलेला धनादेश तुम्ही परत पाठवलात आणि त्या रकमेतून दूरच्या जागेचे भाडे आगाऊ भरावे असे सुचवलेत. ते भरले आहे.

गेल्या सुट्टीत आम्ही दोघांनी 3.9 वरून आधी 4.1 आणि तिथून 4.5 असे दोन टप्प्यांत अद्ययावतीकरण केले, तेही आधी सरावाच्या प्रतीवर आणि मग प्रत्यक्षात. तुम्हाला फोन करावा लागला नाही. करावासा मात्र वाटला होता. इतिहास विभागातील नव्या सहकारी आता आमच्याबरोबर शनिवारच्या सरावाला बसतात आणि प्रत उभी राहिली की फाइल त्या उघडतात. येत्या शनिवारीही सराव आहे. फाइल उघडली की नेहमीप्रमाणे तुम्हाला कळवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
चिपळूणमधील भूगोलाचा एक शिक्षक