प्रेरणा पडद्याबाहेरही शोधावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्यांना प्रेरणेसाठी संकेतस्थळे चाळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु तेथे दिसते ते इतरांनी आधीच निवडलेले काम, आणि त्यामुळे नव्या कामालाही तोच चेहरा येतो. अक्षरे जेथे प्रत्यक्ष वापरात असतात, तेथे जाऊन ती न्याहाळायला हवीत. कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी १९८९ मध्ये साकारलेल्या ‘ट्रेजन’ या टंकाचा (फॉन्टचा) आधार रोममधील इ. स. ११३ च्या स्तंभावरील कोरीव लेख आहे, तर टोबायस फ्रेर-जोन्स यांना ‘गॉथम’ या टंकाची दिशा न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींवरील अक्षरांतून मिळाली. देवनागरीचेही तेच आहे. तिरक्या कापलेल्या बोरूने ‘क’ गिरवून पाहिला, की रेघ कोठे जाड होते, कोठे बारीक होते आणि का, हे हातालाच उमगते. पडद्यावर अक्षर कितीही मोठे केले तरी ते उमगत नाही. अक्षराचे छायाचित्र घेताना त्याखालचा दगड, पत्रा किंवा कागदही टिपावा, कारण अक्षराचे वळण बऱ्याच अंशी त्यावरच ठरते. डिझाइनच्या अभ्यासक्रमांत अशी निरीक्षणे नोंदवलेल्या वहीला स्वतंत्र गुण असावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक अक्षरप्रेमी वाचक