समुद्रगाळातला कार्बन: आधी उगम, मग हिशेब

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

समुद्राच्या गाळात साठणाऱ्या कार्बनविषयी आपल्या विज्ञान पुरवणीत आलेला लेख वाचला. मांडणी सोपी आहे. परंतु गाळातला सगळा सेंद्रिय कार्बन म्हणजे हवेतून नव्याने काढून घेतलेला कार्बन, असे त्यात धरलेले समीकरण बरोबर नाही. नमुन्यात कार्बन किती आहे हे यंत्र सांगते, तो आला कुठून हे सांगत नाही.

हा कार्बन तीन वाटांनी येतो. समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांचा (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचा) आणि नद्यांनी आणलेल्या पालापाचोळ्याचा व मातीचा उल्लेख लेखात आहे. डोंगर झिजताना जुन्या गाळखडकांतून सुटणाऱ्या केरोजेनचा, म्हणजे खडकात मुरलेल्या प्राचीन सेंद्रिय द्रव्याचा, मात्र नाही. हा तिसरा कार्बन लक्षावधी, कधी कोट्यवधी वर्षांपूर्वीच हवेतून बाहेर पडलेला असतो, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वळती केलेली रक्कम नवी जमा म्हणून दाखवता येत नाही. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षांचे असल्याने खडकातल्या कार्बनमध्ये तो उरलेलाच नसतो, त्यामुळे ही जुनी भेसळ ओळखता येते. गंगा-ब्रह्मपुत्रेने बंगालच्या उपसागरात नेऊन टाकलेल्या गाळात हिमालयातले ग्राफाइटसुद्धा जसेच्या तसे पुन्हा गाडले गेलेले सापडते.

लेखात उगमाचा निर्णय केवळ कार्बन आणि नायट्रोजनच्या गुणोत्तरावरून दिला आहे, ते मला अधिक खटकले. प्लवकांत १०६ कार्बन अणूंमागे १६ नायट्रोजन, म्हणजे गुणोत्तर साधारण ६.६, आणि जमिनीवरच्या वनस्पतींत ते बहुधा २० च्या वर, हे खरे आहे. पण मातीतल्या ह्यूमसमध्ये, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय अंशात, तेच गुणोत्तर १० ते १२ पर्यंत उतरते, आणि चिकणमातीच्या कणांनी धरून ठेवलेला अमोनियम मोजमापात मिसळला की जमिनीवरचा माल समुद्री भासू लागतो. कार्बनच्या स्थिर समस्थानिकांचेही, म्हणजे कार्बन-१२ च्या तुलनेत जड कार्बन-१३ किती यावरून केलेल्या परीक्षेचेही, तसेच. ठरलेल्या प्रमाण नमुन्याच्या तुलनेत बहुतेक झाडांचे मूल्य दर हजारी उणे २७ च्या आसपास, तर समुद्री प्लवकांचे उणे २० ते २२ असते. मात्र उष्ण प्रदेशांतल्या अनेक गवतांचे उणे १२ ते १४ असल्याने झाडे आणि गवत यांचे मिश्रण नेमके समुद्री आकड्यावर येऊन बसू शकते.

म्हणून ओळखीचे रेणू, म्हणजे ठराविक सजीवांतच बनणारे रेणू, शोधावे लागतात. लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारे द्रव्य) जमिनीवरच्या संवहनी वनस्पतींचे, २७, २९, ३१ कार्बनच्या मेणकट साखळ्या पानांच्या, तर ३७ कार्बनचे अल्किनोन नावाचे लांब साखळीचे रेणू काही विशिष्ट शैवालांचे. (१९३४ मध्ये आल्फ्रेड ट्रीब्स यांनी खनिज तेलात हरितद्रव्याच्या घडणीचे पॉर्फिरिन हे रेणू दाखवले, तेव्हापासूनची ही पद्धत.) अर्थात लिग्निन सापडले नाही म्हणून जमिनीचा वाटा नाही, असे ठरत नाही, तेही विघटन पावते.

कारण गाळ हे काही कुलूपबंद कोठार नव्हे. समुद्रात दरवर्षी प्रकाशसंश्लेषणाने सुमारे ५० अब्ज टन कार्बन बांधला जातो, आणि त्यातला एक टक्काही कायमचा गाडला जात नाही. प्रथिने आणि साखरा आधी संपतात. हे द्रव्य पचवण्यासाठी जिवाणू आधी ऑक्सिजन वापरतात, मग नायट्रेट, मग मँगनीज व लोहाची ऑक्साइडे, त्यानंतर सल्फेट. आणि तेही संपले की मिथेन तयार होऊ लागतो. जे उरते त्यातले बरेचसे चिकणमातीच्या कणांना चिकटलेले असते, त्यामुळे उरलेल्या द्रव्याची घडण मूळ द्रव्यासारखी नसते.

या विषयावर पुढे आकडे छापताना प्लवकांचा, जमिनीवरचा आणि खडकांतला कार्बन वेगवेगळा द्यावा, आणि तो कोणत्या कसोटीने वेगळा केला तेही एका ओळीत लिहावे, ही विनंती.

आपला,
भू-रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक