बॅरलचे माप लिटरमध्येही द्यावे

महोदय,

कच्च्या तेलाच्या भावाची बातमी 'प्रति बॅरल इतके डॉलर' अशी छापली जाते. त्या बॅरलमध्ये किती लिटर तेल असते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. गोव्यात बॅरल म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत दारात मांडलेली निळी पिंपे, काजूच्या हंगामात नीरो, म्हणजे काजूच्या बोंडांचा रस, आंबवण्यासाठी भरून ठेवलेली पिंपे आणि रस्त्याकडेचे डांबराचे काळे लोखंडी बॅरल. यांतील मोठे बॅरल साधारण 200 लिटरचे असते. तेलबाजारातले बॅरल मात्र 42 अमेरिकन गॅलनचे, म्हणजे सुमारे 159 लिटरचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पेनसिल्व्हेनियातील तेल लाकडी पिंपांतून जात असे, तेव्हा हे माप रूढ झाले; आज तेल जहाजांतून आणि नळवाहिन्यांतून वाहते, पिंप गेले आणि माप तेवढे उरले. बिअरचे बॅरल तर आणखी वेगळे: ब्रिटनमध्ये सुमारे 164 लिटर, अमेरिकेत 117. बंदुकीच्या नळीलाही बॅरलच म्हणतात, पण तिथे घोटाळा होत नाही.

घोटाळा होतो तो हिशेबात. भाव 80 डॉलर असताना दारातले पिंप मनात धरून भागाकार केला, तर लिटरला 40 सेंट येतात, प्रत्यक्षात ते 50 असतात. इंधनदरावर तावातावाने वाद घालणाऱ्यांना हा फरक ठाऊक असायलाच हवा. म्हणून अशा बातमीत कंसात लिटरचे माप आणि लिटरमागील रुपयांतला भाव द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, डिचोली