विषय: कराचीची ती बातमी खोटी होती हे आम्हाला कुणी सांगायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते. तुमचा पेपर आमच्या घरी माझं लग्न व्हायच्या आधीपासून येतो. पत्र मात्र आजवर कधी लिहिलं नव्हतं, पण यंदा नौदल दिनाच्या आदल्या रात्री घरात जे झालं त्यानंतर गप्प बसवेना म्हणून लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा मुलगा नववीत आहे. ४ डिसेंबरला शाळेत नौदल दिनावर भाषण होतं आणि ते त्याला आजोबांनी लिहून दिलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, नेव्हल डॉकयार्डात फिटर होते, एकाहत्तरच्या लढाईच्या वेळी ऐन विशीत होते. कराचीवरचं ऑपरेशन ट्रायडंट, ४ डिसेंबर १९७१ ची रात्र, निपात, निर्घात, वीर या आपल्या मिसाईल बोटी, मग चार दिवसांनी ऑपरेशन पायथॉन, सगळं त्यांना तोंडपाठ आहे. भाषण छान झालं होतं. मी रात्री भांडी आवरून वाचायला घेतलं तर शेवटी लिहिलेलं, "आणि २०२५ च्या मे महिन्यात आपल्या नौदलाने तिसऱ्यांदा कराची बंदर उद्ध्वस्त केले."

मी म्हटलं अण्णा, हे नाही हो झालं. तर म्हणाले, "नाही कसं, आपण सगळ्यांनी बघितलं ना, तू पण होतीस की." आणि खरंच मी होते.

पाकिस्तानशी लढाई चालू होती तेव्हाची, ८ मेची ती रात्र मला अजून आठवते. गुरुवार होता, धरमशालेची आयपीएल मॅच मध्येच थांबवली होती, त्यामुळे सगळी बिल्डिंग जागी. साडेअकराच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या काकू आमच्याकडे आल्या. त्यांचा मुलगा नौदलात, जहाजावर. दोन दिवस त्याचा फोन लागत नव्हता आणि त्यांना घरात एकटीला टीव्ही बघवत नव्हता, बंद पण करवत नव्हता. गाऊनवर ओढणी घेऊन आल्या आणि सोफ्याच्या कडेला टेकल्या, नीट बसल्या पण नाहीत. टीव्हीवर कराचीचा नकाशा, त्यावर लाल स्फोट, खाली लाल पट्टी, मागे सायरन चालूच आणि अँकर उभा राहून ओरडतोय की कराची बंदर जळतंय. चॅनेल बदललं तर दुसरीकडे पण तेच. अण्णा टाळ्या वाजवत होते आणि काकू हातातला फोन चालू बंद करत सारखं एकच विचारत होत्या, "आपल्या जहाजांना काही झालं नाही ना गं?" त्या प्रश्नाचं उत्तर एकाही चॅनेलवर नव्हतं. असणार कुठून, मुळात हल्लाच झाला नव्हता.

अण्णा त्या रात्री झोपले नाहीत. अडीच वाजता उठून बघते तर स्वयंपाकघराच्या खिडकीला जुने पेपर चिकटवत होते. एकाहत्तरला मुंबईत ब्लॅकआऊट असायचा तेव्हा काचांना काळे कागद लावायचे ना, तसे. सायरन ऐकून त्यांना ते आठवलं. मी टीव्ही बंद केला, त्यांचा हात धरून आत नेलं. हात गार पडले होते.

पुढे १० तारखेला सिव्हिल डिफेन्स खात्याने चॅनेलना कळवलं की कार्यक्रमात हवाई हल्ल्याचे सायरन वाजवू नका, रोज ऐकून लोकांना सवय झाली तर खरा भोंगा वाजेल तेव्हा कुणी हलणार नाही. त्याच संध्याकाळी शस्त्रसंधी झाली, आणि काकूंच्या मुलाचा मेसेज पण त्याच रात्री आला, दोन शब्द, "ठीक आहे". ११ मेला तिन्ही दलांची पत्रकार परिषद झाली, त्यात नौदलाचे व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद यांनी सांगितलं की आपली जहाजं उत्तर अरबी समुद्रात तैनात होती, कराचीसकट निवडलेल्या ठिकाणांवर म्हणू तेव्हा मारा करायला सज्ज होती. सज्ज होती, म्हणजे मारा केला नव्हता. सगळं त्या एका वाक्यात होतं, पण कुठल्याही अँकरने ते वाक्य थांबवून समजावून सांगितल्याचं मी पाहिलं नाही की बाबांनो परवा रात्री आम्ही तुम्हाला जे दाखवलं ते चूक होतं. एखाद दोघांनी दिलगिरी व्यक्त केली असं नंतर वाचलं, पण खोटी बातमी सगळ्या चॅनेलवर रात्रभर आणि दिलगिरी एका चॅनेलवर एका मिनिटाची, ती अण्णांपर्यंत कशी पोचणार? नाहीच पोचली. सात महिन्यांनी ती बातमी इतिहास होऊन माझ्या मुलाच्या वहीत उतरली.

चूक होते हो, सगळ्यांकडून होते. मी बँकेत काम करते, आमच्याकडे एका व्हाउचरवर शून्य जास्त पडलं तर संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत कुणी घरी जात नाही, चूक सापडेपर्यंत बसायचं. तुमच्या पेपरात कधी चुकीचं छापून आलं तर दुसऱ्या दिवशी छोटी का होईना चौकट येते. टीव्हीवर अशी चौकट कुठाय?

आम्ही लहान असताना दूरदर्शन एकच होतं, २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हापासूनचं. संध्याकाळी सातच्या बातम्या, प्रदीप भिडेंचा आवाज आला की वडील रेडिओ बंद करायचे. चित्र दोन मिनिटं गेलं तरी "व्यत्यय" अशी पाटी यायची. ते सरकारी होतं, खूप गोष्टी सांगायचंच नाही, आणीबाणीत तर विचारूच नका, त्यामुळे तेच दिवस चांगले होते असं माझं म्हणणं नाही. पण जे सांगितलं जायचं ते वडील दुसऱ्या दिवशी ऑफिसात छातीठोक सांगू शकायचे. आज मी ऑफिसात टीव्हीवरची बातमी सांगताना आधी म्हणते, "खरं खोटं माहीत नाही हां."

आणि हे मेमध्येच पहिल्यांदा घडलं असंही नाही. २६/११ ला आपल्या मुंबईत काय झालं ते आपण विसरलो का? नरीमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरताना आपण चहा पिता पिता लाइव्ह बघितले. मीही बघितले, त्याची लाज वाटते. २०१२ मध्ये कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं की पलीकडे बसून अतिरेक्यांना फोनवरून हुकूम देणारे तेच प्रक्षेपण बघत होते आणि त्याने आपल्या जवानांचं काम अवघड झालं. नंतर नियम आला की अशी कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवायचं नाही, अधिकारी वेळोवेळी सांगतील तेवढंच. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाच्या वेळी केंद्राने चॅनेलना पुन्हा पत्र काढलं, भडक मथळे आणि खोटे दावे थांबवा म्हणून. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, परत एक पत्र. आणि पंधरा दिवसात ८ मेची रात्र.

राजकारणाच्या बातम्यांचं वेगळंच. तिथे खोटं सांगतात असं नाही, पण कॅमेरा गेटवरून हलत नाही. २०२२ च्या जूनमध्ये आमदार सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, तेव्हा आमच्या घरी आठवडाभर त्या हॉटेलचं गेट चालू होतं, कोणती गाडी आत गेली, कोणती बाहेर आली, काचेतून कोण दिसलं. त्याच दिवसात त्याच आसामात महापूर होता, सिलचर शहर पाण्यात होतं, लाखो लोक घरं सोडून निघाले होते. आपल्या मराठी चॅनेलची माणसं हजारो मैल प्रवास करून तिथपर्यंत पोचली होती आणि मला त्या पुराचा एकही बाईट आठवत नाही! आणि इथे महाराष्ट्रात पेरणीचे दिवस.

यात रिपोर्टरचा दोष आहे असं मला वाटत नाही. माझा मामेभाऊ काही वर्षं एका चॅनेलसाठी जिल्ह्यात स्ट्रिंजर होता, बातमीमागे पैसे, मोटरसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. तो सांगायचा, मुंबईच्या डेस्कचा फोन येतो की व्हिज्युअल पाठव, फोनो दे म्हणजे फोनवरून थेट बोल, दोन मिनिटात दे. एकदा पुलावरून एसटी वाहून गेल्याची बातमी याच्या नावाने चालली, हा धावत पुलावर गेला तर एसटी अलीकडे उभी, ड्रायव्हर चहा पितोय. याने लगेच डेस्कला फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "अरे आता आपण पुढे गेलो." टिकरवरून, म्हणजे खालच्या पट्टीवरून, ती ओळ नुसती काढून टाकली. ज्यांची माणसं त्या एसटीत असतील त्यांनी ती रात्र कशी काढली असेल? त्यानंतर वर्षभरात त्याने ते काम सोडलं, आता खताचं दुकान बघतो. मला सगळ्यात जास्त त्याचं वाईट वाटतं कारण चूक झाली म्हणून फोन करणारा माणूस होता तो, असे लोक टिकले पाहिजेत.

मी तक्रार करायचं पण बघितलं. माहिती काढली तर कळलं की न्यूज चॅनेलनी स्वतःच नेमलेली एक संस्था आहे, एनबीडीएसए, तिच्याकडे जाण्याआधी चॅनेलला लिहावं लागतं आणि तेही प्रक्षेपणापासून ७ दिवसांच्या आत. मला कळेपर्यंत जून उजाडला होता. शिवाय ते नियम सभासद चॅनेलनाच लागू. दंड म्हणाल तर २००८ मध्ये ठरलेला १ लाख रुपये. सुशांतसिंह प्रकरणातल्या मीडिया ट्रायलवर आपल्या मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये खरमरीत निकाल दिला, ते प्रकरण पुढे सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायमूर्तींनीच विचारलं की १ लाखाने काय होणार, त्या कार्यक्रमातून जी कमाई होते त्या प्रमाणात दंड नको का. हा प्रश्न माझ्यासारख्या साध्या बाईला पण पडतो.

बीबीसीचा पॅनोरमा म्हणून कार्यक्रम आहे, १९५३ पासून चालू. त्यात ट्रम्प यांच्या भाषणातली पाऊण तासाहून जास्त अंतराने बोललेली वाक्यं जोडून सलग दाखवली होती. ते बाहेर आलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीचे महासंचालक टिम डेव्ही आणि न्यूजच्या प्रमुख डेबोरा टर्नेस दोघांनी राजीनामे दिले, संस्थेने माफी मागितली. यात त्यांचं आपसातलं राजकारण असेलही, ते मला नाही कळत. पण एका जोडणीसाठी सगळ्यात वरच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. आमच्याकडे एक अख्खं बंदर जाळून दाखवलं आणि दुसऱ्या रात्री तोच अँकर त्याच जागी उभा होता.

माझं मागणं फार नाही. ज्या वेळेला चूक दाखवली त्याच वेळेला, त्याच अँकरने, तेवढ्याच मोठ्या अक्षरात दुरुस्ती दाखवावी, रात्री नऊची चूक दुपारी तीनच्या पट्टीत नको. आणि तुम्हाला विनंती अशी की तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा एक छोटं सदर चालू करा, या आठवड्यात टीव्हीवर कोणती मोठी बातमी चुकीची निघाली आणि खरं काय, बस एवढंच, चॅनेलचं नाव घालून. मी ते कापून आमच्या सोसायटीच्या बोर्डावर लावीन, खाली वॉचमनपासून सगळे वाचतात.

भाषणातली ती ओळ त्या रात्री मी खोडली. मुलगा म्हणाला, "आई, म्हणजे टीव्हीवर खोटं सांगितलं? मग एकाहत्तरचं पण खोटं असेल." अण्णा तिथेच बसले होते, त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ज्या बोटींवर बरोबरीची पोरं गेली, ज्या युद्धात आपली खुकरी युद्धनौका बुडाली आणि कॅप्टन मुल्ला जहाजाबरोबर खाली गेले, त्या युद्धावर त्यांच्या नातवाने शंका घेतली आणि ती कशामुळे घेतली तर त्या एका रात्रीमुळे. मी मुलाला खूप वेळ समजावलं, त्याला पटलं असावं. अण्णांना मात्र मेची बातमी खोटी होती हे अजून पटत नाही. म्हणतात, "एवढ्या सगळ्यांनी दाखवलं ते खोटं कसं असेल, पेपरात आलंय का कुठे तसं?"

आलंही असेल तेव्हा, आमच्या नजरेतून सुटलं असेल. म्हणून आता परत एकदा छापा. ८ मे २०२५ च्या रात्री आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला नव्हता, जहाजं सज्ज होती, हुकमाची वाट बघत होती. अण्णा रोज सकाळी भिंग घेऊन तुमचा पेपर पहिल्या पानापासून वाचतात, त्यांना दिसेल अशा टायपात छापा.

आपली,
एक वाचक
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई