जलपरीचा शेवट

पुणे, रविवार

प्रिय मंदे,

तीन महिने पत्र नाही, रागावली असशील. गुडघा बरा आहे, आईचं बीपी ठीक. आज बसलेच, कारण काल वाचनालयात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही.

शनिवारच्या मुलांना सोयुझमुल्तफिल्म या सोव्हिएत कार्टून स्टुडिओची १९६८ ची ‘रुसालच्का’ लावली, म्हणजे डॅनिश गोष्टीवाल्या अँडरसनची जलपरी. रशियन कुणाला कळणार? म्हणून आवाज बंद करून मीच मराठीत सांगत होते. चेटकिणीनं आवाज घेतला, पाय मिळाले पण प्रत्येक पाऊल सुरीवर पडल्यासारखं, राजपुत्राचं लग्न भलतीशीच, सगळं नीट सांगितलं. शेवटाला पुढच्या सतरंजीवरच्या पोरीचा ओठ थरथरायला लागला आणि माझा धीर सुटला गं. “मग ती पोहत पोहत आजीकडे गेली,” म्हटलं. मागून एक सहा वर्षांचा मुलगा ओरडला, “पण ती फेस झाली ना? दिसतंय की!”

रात्रभर झोप नाही. डिस्नेनं १९८९ मध्ये तिचं लग्न लावलं, पण चित्रंही तशीच काढली. मी पडद्यावर एक आणि तोंडात एक असं केलं. आणि अँडरसननं तरी १८३७ मध्ये तिला नुसत्या फेसावर कुठं सोडलंय? ती हवेची लेक होते, तीनशे वर्षं भलं करत राहिली की तिला आत्मा मिळणार असतो. तेवढं जरी वेळेवर आठवलं असतं!

चौथीतलं भांडण आठवतंय? आपल्या रशियन लोककथांच्या पुस्तकात हिमकन्या शेकोटीवरून उडी मारते नि वाफ होऊन जाते, ते पान तू स्टेपल केलं होतंस. मी पिना उपटल्या तर आठवडाभर अबोला! “गोष्ट आहे तशी वाचायची,” असं तुला ठणकावणारी मी, काल मीच पिना मारल्या.

पुढच्या शनिवारी त्याच स्टुडिओच्या अतामानोव्ह या दिग्दर्शकाची १९५७ ची ‘हिमराणी’ आहे, तीही अँडरसनचीच. मूळ गोष्टीत फुटणारा जादूचा आरसा सैतानाचा. इथं राणी स्वतःच तो रागानं फोडते, कारण पोरगा तिला शेगडीवर ठेवून वितळवीन म्हणतो. बदललंय, पण चित्र आणि शब्द एकाच बाजूला आहेत. त्या पोराचं नाव ‘काय’. “काय हरवला!” म्हटलं की मुलं लोळणार.

पण त्याआधी जलपरीची शेवटची तीन मिनिटं पुन्हा लावणार आणि फेस झाली असंच सांगणार. ती पोरगी रडली तर रडू द्यावं ना? तू असतीस तर तिला मांडीवर घेतलं असतंस.

घराचं काम कुठवर आलं? लेकीची परीक्षा संपली का? आणि ते पुस्तक तुझ्याकडेच आहे ना? पिनांची भोकं असलेल्या पानाचा फोटो काढून पाठव, शनिवारच्या आत.

तुझी,
नलू