मोडलेले हाड आणि माझी इच्छाशक्ती

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील लठ्ठपणावरचा लेख कालच वाचला. उत्तर आज लिहीत आहे, कारण काल लिहिले असते तर ते आपल्याला छापता आले नसते. माणूस जाड होतो तो जिभेवर ताबा नसल्यामुळे, आणि ‘आमच्या घरात सगळेच अंगाने असे’ म्हणणे ही आळशांची पळवाट आहे, असे लेखकमहाशयांचे थोडक्यात म्हणणे. लेखाशेजारी त्यांचे छायाचित्र आहे, त्यावरून ते चांगलेच सडपातळ दिसतात. त्याचे सगळे श्रेय ते स्वतःच्या निग्रहाला देतात, आईवडिलांच्या वाट्याला काहीच ठेवत नाहीत, याचे थोडे वाईट वाटले.

मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. उंची पाच फूट एक इंच, वजन ६९ किलो. हे आकडे न विचारता देते आहे, कारण आमच्यासारख्यांना ते कुठेही गेले तरी आधी द्यावेच लागतात. दोन वर्षांपूर्वी श्रावणात सकाळी फिरायला गेले असताना (होय, वजनासाठीच) फुटपाथच्या हलत्या फरशीवर माझा पाय मुरगळला. ‘रोज दहा हजार पावले चाला’ असे लिहिणाऱ्यांनी ती कुठे टाकायची तेही एकदा लिहावे. शिवाय हा दहा हजारांचा आकडा कोणा वैद्याने काढलेला नसून १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आलेला आहे, हेही जाता जाता सांगते.

संध्याकाळपर्यंत पाऊल इतके सुजले की चप्पल चढेना, तेव्हा मुलाने दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला त्या पायासकट आधी वजनकाट्यावर उभे केले, काट्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘आजी, एवढा भार या पायांनी किती दिवस सोसायचा? आधी दहा-बारा किलो उतरवा, पाय आपोआप थांबेल दुखायचा.’’ मी वाकून पायावरची पट्टी सोडू लागले, तर ‘‘राहू द्या, राहू द्या’’ म्हणाले. ते खुर्चीवरून उठलेसुद्धा नाहीत. वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि खणातून आहाराच्या तक्त्याची एक झेरॉक्स काढून दिली. सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, रात्री सूप, आणि तेल ऑलिव्हचे. आमच्या गल्लीच्या तोंडावर बसणाऱ्या भाजीवालीला मी ब्रोकोली विचारली, तेव्हा तिने मला कोबी दिला. त्या पायावर पुढचे तेरा दिवस मी उभ्याने स्वयंपाक केला, दोन जिने चढले-उतरले आणि एक मंगळागौरही उरकली. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच असावी.

चौदाव्या दिवशी मुलगा मला हाडांच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी माझे वजन विचारले नाही. जमिनीवर उकिडवे बसून त्यांनी पाऊल मांडीवर घेतले आणि बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या मागे, अंगठ्याने दाबले, मी किंचाळले. एक्स-रेत हाडाची चीर आमच्या शिपायालाही दिसली असती इतकी स्वच्छ होती. पाच आठवडे प्लास्टर पडले आणि बसून बसून तीन किलो वाढले, जे लेखकमहाशयांच्या हिशेबात अर्थातच माझ्या जिभेच्या खात्यावर जमा होतील. तो एक्स-रे मी कपाटात जपून ठेवला आहे. लठ्ठपणा हा दोष आहे असे एकदा ठरले की समोरच्या माणसाला तपासण्याची गरज उरत नाही, याचा माझ्याकडे असलेला पुरावा तेवढाच आहे. माझी धाकटी बहीण लंगडत आत शिरली असती, तर तिचा एक्स-रे त्याच दिवशी निघाला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

बहिणीचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमचे माहेर सोलापूर जिल्ह्यातले, कोरडवाहू. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते आणि ती आठ. आई रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायची. घरात रेशनच्या मिलोच्या (अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या) लाल भाकऱ्या असत आणि शाळेत सुकडी मिळे. आम्ही दोघी एकाच ताटात जेवत होतो, त्यात तिचा हात माझ्यापेक्षा लांब. ती काडीसारखी राहिली आणि मी गुटगुटीत. विहिरीवर एक म्हातारी आईला सगळ्यांसमोर म्हणाली होती, ‘‘ह्या पोरीला दुष्काळ गावला न्हाई व्हय गं?’’ आईने त्या रात्री माझी भाकरी अर्धी केली. आईला मी दोष देत नाही, पण त्या दुष्काळात माझी कोणती जीवनशैली बिघडली होती, ते लेखकमहाशयांनी अवश्य कळवावे.

त्यांना घरच्या गोष्टी पुराव्यात चालत नसतील, तर कॅनडातील संशोधक क्लॉड बुशार यांचा १९९० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. एकसारख्या जुळ्या तरुणांच्या बारा जोड्यांना शंभर दिवस देखरेखीखाली ठेवून त्यांतले ८४ दिवस प्रत्येकाला रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. खाणे मोजून-मापून, तरीही कोणाचे वजन चार किलोंनी वाढले तर कोणाचे तेरा किलोंनी. आणि एकाचे जेवढे वाढले, साधारण तेवढेच त्याच्या जुळ्या भावाचे वाढले. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्यांचा अभ्यास १९८६ साली आला. त्यात ज्यांच्या स्वयंपाकघरात ते वाढले त्या आईबापांशी त्यांचा बांधा जुळला नाही, ज्यांना बहुधा त्यांनी पाहिलेही नसेल त्या जन्मदात्यांशी जुळला. इंग्लंडमध्ये १९९७ साली दोन चुलत भावंडांची नोंद झाली. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोंची आणि दोन वर्षांचा मुलगा २९ किलोंचा, दोघेही कायम भुकेने कासावीस. त्यांच्या शरीरात लेप्टिन नावाचे, भूक आवरणारे एक संप्रेरक जनुकातील बिघाडामुळे तयारच होत नव्हते. पुढे त्या मुलीला त्याची इंजेक्शने सुरू केली, तेव्हा भूक ताळ्यावर आली आणि वजन उतरू लागले. असे रुग्ण फार विरळा, हे मान्य. पण आता वजन उतरवण्यासाठी आठवड्याला एकदा टोचायची जी औषधे मार्च २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागली आहेत, तीही मुख्यतः भूकच शमवतात. इच्छाशक्ती कुपीत भरून मिळू लागली, एवढाच निष्कर्ष यातून काढायचा असेल तर माझी हरकत नाही.

सगळेच रक्तात असते असे मी म्हणत नाही. वजनातला जो फरक माणसामाणसांत दिसतो, त्यातला साधारण ४० ते ७० टक्के वाटा अनुवंशाचा धरतात, म्हणजे बाकीचा नाही. आमच्या पिढीत वर्गात एखादीच जाड मुलगी असे (ती मी), आणि निवृत्तीच्या वर्षी माझ्या वर्गात अशी सात मुले होती. जनुके चाळीस वर्षांत बदलत नाहीत, मधल्या सुट्टीचा डबा बदलला, हे मला दिसत होते. पण डबा सगळ्यांचाच बदलला आणि फुगली ती सातच, तेवढ्यापुरता प्रश्न शिल्लक राहतोच.

आणि बारीक असणे म्हणजे निरोगी असणे, हे लेखातले गृहीतक तर पुण्यात बसून कोणी लिहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःचे आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांच्या गटाने केलेल्या अभ्यासात जन्मणारी बाळे सरासरी २.७ किलोंची होती, इंग्लंडमधील बाळांपेक्षा आठशे ग्रॅमनी हलकी. पण ती कमी भरली होती स्नायूंत. चरबी त्यांनी बरीचशी राखून ठेवली होती. अर्धपोटी आईच्या पोटात मूल हेच शिकते, असे त्यांचे म्हणणे. माझी ४८ किलोंची बहीण एक्केचाळिसाव्या वर्षापासून मधुमेहाच्या गोळ्या घेते आहे. तिला आजवर एकाही डॉक्टरांनी निग्रहावर व्याख्यान दिलेले नाही.

आता आपल्याबद्दल दोन शब्द. ज्या पानावर हा लेख आहे, त्याच पानाच्या तळाशी पंधरा दिवसांत सात किलो उतरवणाऱ्या चूर्णाची पाव पानाची जाहिरात आहे, आणि तिच्यात ‘व्यायाम नको, पथ्य नको’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. वर इच्छाशक्तीवाचून काहीच होत नाही आणि खाली तिची अजिबात गरज नाही. वर्गणीदाराने पानाच्या कोणत्या अर्ध्या भागावर विश्वास ठेवायचा, हे आपण ठरवून सांगितलेत तर बरे होईल. उलटल्यावर पुढच्या पानावर चीझ बटाटेवड्याची कृती होती, ती मी वाचली नाही.

शेवटी एक दुरुस्ती, शिक्षिकेची सवय म्हणून. लेखासोबतच्या तक्त्यात २४.९ पर्यंतचा बीएमआय ‘सामान्य’ आणि ३० पासून पुढे ‘स्थूल’ असे छापले आहे. भारतीयांसाठी २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. तरी योग्य तक्ता येत्या पुरवणीत, शक्यतो त्याच जागी आणि जरा मोठ्या अक्षरांत छापावा. आपल्या तक्त्यानुसार मी रविवारपासून केवळ ‘जादा वजन’ या रकान्यात आहे, आणि या दुरुस्तीने पुन्हा ‘स्थूल’मध्ये जाईन, याची मला कल्पना आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, छापू नये.)